खुले पत्र: बर्फातली गाडी आणि कुलपातलं मशीन

प्रति,
राज्यातल्या आयटीआयचा अभ्यासक्रम, यंत्रसामग्री आणि निधी ठरवणारे अधिकारी,
तसेच
लष्कराच्या सुट्या भागांची व्यवस्था पाहणारे अधिकारी

विषय: थ्रीडी प्रिंटिंग मशीन हलवण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत, आणि त्या निमित्ताने आणखी काही

महोदय, महोदया,

जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला. फिटरचा कोर्स करून १९९२ साली ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, रणगाडे, जनरेटर दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, क्राफ्ट्समन म्हणून भरती झालो. २०१८ मध्ये नायब सुभेदार होऊन घरी आलो आणि पुढच्या वर्षीपासून एका शासकीय आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, आणि ही गोष्ट एका संस्थेपुरती आहे असंही मला वाटत नाही.

पत्र लिहायला कारण एका आदेशाचं झालं. आमच्या संस्थेतलं थ्रीडी प्रिंटिंगचं मशीन ‘पुरेसा वापर होत नाही’ म्हणून जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेच्या दालनात हलवायचं ठरलं आहे. तिथे ते काचेआड राहील, आणि आमच्या पोरांना वर्षातून एकदा सहलीसारखं नेऊन ते दाखवलं जाईल. आदेश वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. एका मशीनसाठी म्हातारा एवढा का तळमळतो, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्यासाठी आधी एका गाडीची गोष्ट सांगावी लागेल.

२०११ च्या हिवाळ्यात मी लडाखमध्ये एका छोट्या वर्कशॉपवर होतो. श्रीनगरहून लडाखला येणाऱ्या रस्त्यावरचा जोझिला घाट बंद झालेला. हिवाळ्याचा साठा रस्ता उघडा असतानाच भरून ठेवायचा ही तिथली रीत. जे राहिलं ते विमानाने, आणि विमानात पहिला मान औषधाला, रेशनला, दारूगोळ्याला. अशा दिवसांत एक थ्री टनर, म्हणजे तीन टनी लष्करी ट्रक, आमच्याकडे आली. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स उत्तम, टायर नवे. वायपर चालत नव्हता. मैदानात वायपर नाही म्हणून कुणी गाडी थांबवत नाही. चांग ला हा उंच घाट ओलांडायचा असेल आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडालेला चिखल-बर्फ काचेवर येऊन गोठत असेल, तर वायपर नसलेली गाडी ताफ्यात घेता येत नाही.

मोटर उघडली. आत नायलॉनचं एक चाक असतं, मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा पोलादी वर्म त्याला फिरवतो. रात्रभराच्या थंडीने वायपरचं रबर काचेला चिकटून बसलं होतं, आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ड्रायव्हरने सकाळी बटण दाबलं. पोलाद हटलं नाही, नायलॉनचे दात गेले. सात-आठ दात, एका बाजूने, चाकूने तासल्यासारखे. सगळं चाक माझ्या तळव्यात मावत होतं.

ते चाक सुटं मिळत नव्हतं. पार्ट्स लिस्टमध्ये आख्खी मोटर असेंब्ली होती. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकला. उत्तर आलं, एन.ए., म्हणजे उपलब्ध नाही. मग मी हायलमच्या, म्हणजे कडक थरदार प्लास्टिकच्या, पत्र्यातून चाक कापलं, कानशीने दात काढले. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी दात गेले. शेवटी जे सगळीकडे करतात तेच आम्ही केलं. गिअरबॉक्ससाठी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीची मोटर काढून हिला लावली. वसंतात त्या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आला तेव्हा तिला वायपर मोटर नव्हती. एका बोटभर चाकापायी दोन गाड्यांनी आलटून पालटून हिवाळा आणि अर्धा उन्हाळा काढला. माझ्या सव्वीस वर्षांत अशा गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की त्या मोजणं मी केव्हाच सोडून दिलं.

आता मशीनकडे येतो. २०२१ मध्ये आमच्याकडे ते खोक्यातून आलं, तेव्हा मला त्याचा गंध नव्हता. मी लेथवरचा माणूस. आयुष्यभर धातू तासून वस्तू काढली. हे मशीन प्लास्टिकच्या तारेतून थरावर थर चढवून वस्तू उभी करतं. हे तंत्र तसं नवंही नाही. चार्ल्स हल यांनी त्याचा पहिला मोठा पेटंट अर्ज १९८४ मध्ये केला, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा. तार वितळवून थर देण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि त्यानंतर अशी मशीनं घरगुती मिक्सरइतकी आटोपशीर आणि पुष्कळ स्वस्त झाली.

मी पोरांबरोबरच शिकलो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या फवारणी पंपाचा खटका तुटला होता. दुकानदार म्हणाला, आख्खी नळी घ्या. तिने तुटलेले तुकडे जुळवून व्हर्नियरने मापं घेतली, कॉम्प्युटरवर आकृती काढली, उभी ठेवून छापली. दिसायला कंपनीच्या मालाला तोड. शेतात दुसऱ्या टाकीला मोडली. तिने मोडलेला तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘सर, बघा, थराच्या रेषेवरच गेलाय. बोट जिथे ओढतं, तिथेच थर सुटलेत.’’ तिने तीच आकृती आडवी करून पुन्हा छापली, म्हणजे ओढ थरांच्या लांबीत यावी. त्या खटक्याने तो हंगाम काढला. फिटरच्या दोन वर्षांत बलाची दिशा मी फळ्यावर दहा वेळा काढून दाखवतो. त्या दिवशी वर्गातल्या वीस जणांना ती एका मोडक्या खटक्यात समजली.

पुढे मी ते जुनं चाक आठवून नायलॉनमध्ये छापायला घेतलं. पावसाळा होता. तार नोझलमधून बाहेर येताना चट् चट् वाजायची आणि जॉबवर पुरळ यायचं. नायलॉन हवेतलं पाणी पितं, ते आत वाफ होऊन फुटतं. वेल्डरच्या शॉपमध्ये इलेक्ट्रोड सुकवायची भट्टी आहे. रात्रभर रीळ तिच्यात मंद आचेवर ठेवलं. सकाळी आवाज बंद. भंगारातल्या एका ट्रकच्या मोटरमध्ये ते चाक बसवलं आणि वायपरच्या दांडीला वजन बांधून सलग सहा तास फिरवलं. दात शाबूत राहिले. मी त्या दिवशी शॉपमध्ये पोरांसमोर रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तर ज्या मशीनचा ‘पुरेसा वापर होत नाही’, ते हे. वापर का कमी झाला, हेही आपण ऐकून घ्यावं.

मशीन आल्यावर पहिले चौदा महिने ते कुलपात होतं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, बिल निघालं, पण कुणाच्या ताब्यात द्यायचं हे ठरत नव्हतं. फिटरचं म्हणावं तर त्यांच्या यंत्रांच्या यादीत नाही, कॉम्प्युटरवाल्यांचं म्हणावं तर त्यांना जॉब बनवायचा नाही. महागडी वस्तू बिघडली तर वसुली कुणाकडून, या भीतीने चावी कुणी घेईना. अखेर माझ्या विनंतीवरून प्राचार्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ती माझ्याकडे दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग तार संपली. साध्या पीएलए तारेचं किलोचं रीळ हजार रुपयांच्या आसपास मिळतं. ते मागवण्यासाठी पाठवलेला कागद परत आला, कारण कच्च्या मालाच्या मंजूर यादीत लोखंडी पट्टी आहे, गोल सळई आहे, वेल्डिंगचे इलेक्ट्रोड आहेत, ही तार नाही. काही लाखांचं मशीन विकत घ्यायला खर्चाचं शीर्ष होतं. ते चालवायच्या हजार रुपयांना शीर्ष नव्हतं. नोझलचंही तेच. ०.४ मिलिमीटरचं पितळी नोझल काही दिवसांनी झिजतं, चोंदतं. लेथच्या टूलसारखीच ती खर्ची पडणारी वस्तू आहे. बहुतेक रिळं आम्ही वर्गणीतून आणली. शेवटच्या वर्षी तीही आणली नाहीत, कारण आमच्या पोरांचे आईबाप कुठून पैसे उभे करतात हे मला माहीत आहे. मशीन बसून राहिलं ते असं.

माझी तिसरी तक्रार तपासणीच्या पद्धतीबद्दल आहे. तपासणीला आलेल्या पथकाने मशीन किती तास चाललं ते विचारलं. त्यावर किती जणांनी मापं घेतली, किती जॉब मोडले, मोडल्यावर काय बदललं, हे कुणी विचारलं नाही. मोडलेल्या जॉबचा डबा मी जपून ठेवला आहे. प्रत्येकावर कारणाची चिठ्ठी आहे. तो उघडायची वेळच आली नाही.

आणि चौथी, जी मला सगळ्यात जास्त बोचते. देशात अटल टिंकरिंग लॅब दहा हजारांच्या घरात शाळांमध्ये उघडल्या आणि सहावीच्या मुलालाही तिथे थ्रीडी प्रिंटर हाताळता येतो. चांगलंच झालं, माझी नातही त्यावर नावाची पट्टी छापून आली. पण ज्या पोराला उद्या कारखान्यात किंवा फौजेत प्रत्यक्ष सुटा भाग बनवायचा आहे, त्याने ते काचेतून पाहायचं? राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. ‘ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन’ नावाचा थ्रीडी प्रिंटिंगचाच एक वर्षाचा ट्रेड केंद्राच्या यादीत आहे, पण यादीत असणं आणि तालुक्याच्या गावात असणं यात फार अंतर आहे. शिवाय हे काम स्वतंत्र ट्रेडचं आहे असं मला वाटतच नाही. टर्नरला, फिटरला, डिझेल मेकॅनिकला ते जसं कळेल, तसं नुसतं मशीन चालवणाऱ्याला कळणार नाही. कारण छापणं सोपं आहे. काय छापायचं, कशात छापायचं आणि काय अजिबात छापायचं नाही, हे तुटलेल्या वस्तूला हात लावलेल्यालाच समजतं.

आता लष्कराच्या साहेबांसाठी. आपल्यासमोर मी आजही सावधानमध्येच उभा आहे, पण बोलणार आहे.

या तंत्राची आपल्याकडची जी कामं वर्तमानपत्रांत आली ती मी अभिमानाने वाचली. डिसेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद छावणीत जवानांसाठी दुमजली घर छापलं गेलं. नंतर लेहमध्ये अकरा हजार फुटांवर बंकर छापला गेला, आणि त्या विरळ हवेत काँक्रीट कसं जमवलं असेल याचं मला कारागीर म्हणून फार कौतुक आहे. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापील इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवलं. आधी ज्यात चौदा भाग होते तिथे एकच, एकोणीस वेल्डजोड गेले, आणि कच्चा माल सत्त्याण्णव टक्के वाचला. वेल्डजोड म्हणजे काय भानगड असते हे ज्याने एक्सरेत नापास झालेला जोड पुन्हा घासून भरलाय त्याला विचारा. ही कामं मोठी आहेत आणि मोठ्या संस्थांनीच करायची आहेत.

पण घर, बंकर, रॉकेट यांच्या फोटोंमागे ते बोटभर चाक दिसत नाही. फौजेत गाड्या मोठ्या भागांपायी उभ्या राहतात तशाच बुशसाठी, क्लिपसाठी, झाकणासाठी, फ्यूजबॉक्सच्या कुडीसाठीही उभ्या राहतात. मी फौजेत आलो तेव्हा सोव्हिएत संघ नुकताच फुटला होता. तिकडच्या यंत्रांचे सुटे भाग मिळवताना आमचे उस्ताद कसे हैराण व्हायचे ते पाहतच मी काम शिकलो. २०२२ ला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पुन्हा तीच चिंता. वायुदलानेही २०२३ मध्ये संसदीय समितीला सांगितलं की रशियाकडून ठरलेला मोठा पुरवठा होणार नाही. तीस वर्षांनी गल्ली तीच राहिली.

त्याच युक्रेनला २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन बनावटीची सात मोठी यंत्रं दिली गेली. धातूची भुकटी आवाजापेक्षा जास्त वेगाने मारून ती भाग उभा करतात, तिथल्या चिलखती गाड्यांसाठी. अमेरिकेच्या मरीन कोअरचं २०१८ चं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. एफ-३५बी विमानाच्या चाकाच्या दारावरचा छोटा प्लास्टिकचा बंपर झिजला होता. तो सुटा मिळत नव्हता, आख्खं दार बदलायचं तर सुमारे सत्तर हजार डॉलर आणि काही आठवडे. त्यांच्या मेंटेनन्सच्या लोकांनी बंपर छापला, वरच्या तांत्रिक विभागाने तपासून मान्यता दिली आणि विमान उडालं. माझ्या थ्री टनरचीच गोष्ट आहे ती, फक्त तिथे मान्यता देणारं कुणीतरी होतं.

माझ्या अडचणीचं मूळ इथे आहे, साहेब. मला त्या हिवाळ्यात प्रिंटर दिला असता तरीही चाक बसवण्याची परवानगी कुणी दिली असती? बाहेरचा भाग बसवला आणि गाडी दरीत गेली, तर चौकशी माझी. म्हणून शहाणा मेकॅनिक इंडेंट टाकतो आणि वाट बघतो. त्याला दोष देऊ नका. नियम त्याला वाट बघायलाच सांगतो.

सगळं छापता येतं असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, दाबाखालच्या इंधनाचा भाग कुणी फील्डमध्ये प्लास्टिकचा छापून बसवणार असेल तर मी त्याचा हात धरीन. साधं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. राजस्थानात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते टिकत नाही. तेच प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत काचेसारखं तडकतं. आमच्या शेडमध्ये उणे तीस अंश आणता येत नाहीत, ती चाचणी आपल्याच शीतकक्षात व्हायला हवी. आणि आकृतीची फाईल ही आता बंदुकीइतकीच जपायची वस्तू आहे. तिच्यात कुणी अर्धा मिलिमीटर बदलला तर डोळ्याला दिसणार नाही, भाग मात्र ऐन वेळी दगा देईल. म्हणूनच हे काम हौशीवर सोडता येणार नाही, शिकवावं लागेल.

शिकवायचं कुठे, याचं उत्तर नकाशावर समोरच आहे. आमच्या गावाहून दोन-तीन तासांच्या टप्प्यात खडकीला लष्कराचं ५१२ बेस वर्कशॉप आहे, दापोडीला लष्करी अभियांत्रिकीचं कॉलेज सीएमई, दिघीला आणि पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञान शिकवणारी डायट, लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी. रस्त्यात अपशिंगे लागतं, ज्याच्या नावापुढे लोक आपसूक ‘मिलिटरी’ जोडतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पहाटे भरतीसाठी पळून आठ वाजता घामेजल्या बनियनवर शॉपचा डगला चढवतात. अग्निवीर टेक्निकलच्या भरतीत आयटीआयवाल्याला जादा गुण मिळतात. म्हणजे फौजेला हा हात हवा आहे. मग तो हात काय शिकून येतो, हे फौजेने आम्हाला सांगायला नको?

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात एक लाख कुशल माणसं घडवण्याचं उद्दिष्ट होतं आणि मुदत २०२५ ची. ते वर्ष सरलं. या एक लाखात माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातली किती पोरं आहेत, हा आकडा मला वाचायला मिळाला तर बरं वाटेल. आता ‘पीएम-सेतू’ योजनेत साठ हजार कोटी रुपये खर्चून एक हजार शासकीय आयटीआय सुधारायच्या आहेत, दोनशे मोठ्या मध्यवर्ती आणि आठशे त्यांना जोडलेल्या. कल्पना चांगली आहे. मला धास्ती एवढीच आहे, की जोडण्याच्या नावाखाली लहान संस्थांतली यंत्रं मोठ्या संस्थांत जमा होतील आणि आमच्या वाट्याला बसचं भाडं येईल. माझ्या डोळ्यांसमोर सध्या तेच होत आहे.

मागण्या लिहितो. अर्जात लिहितात तशा साध्या.

१. आमच्या संस्थेतलं मशीन हलवण्याचा आदेश मागे घ्यावा, आणि यापुढे असं कुठलंही यंत्र प्रदर्शनासाठी शॉपमधून उचलू नये. ते लेथच्या शेजारीच राहावं, कारण छापलेल्या भागाचं भोक शेवटी रीमरनेच साफ करावं लागतं.

२. कच्च्या मालाच्या मंजूर यादीत प्रिंटिंगची तार, नोझल आणि तार सुकवण्याची सोय यांचा समावेश करावा.

३. प्रशिक्षणाच्या ओघात यंत्र बिघडलं तर निदेशकाकडून वसुली होणार नाही, हे लेखी द्यावं. कुलपं तिथेच लागतात.

४. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक या ट्रेडमध्ये किमान चाळीस तासांचं काम घालावं. त्यात तयार आकृती डाउनलोड करून छापणं नको. तुटलेली वस्तू हातात द्यावी, मापं घेऊ द्यावीत, छापू द्यावं, मोडू द्यावं, आणि गुण मोडण्याचं कारण सांगण्यालाही असावेत.

५. लष्कराने फील्ड वर्कशॉपसाठी छापता येण्याजोग्या भागांच्या तीन याद्या कराव्यात: जे वर्कशॉपने स्वतःच्या सहीने छापावेत, जे चाचणीनंतरच बसवावेत, आणि ज्यांना हात लावू नये. पहिली यादी पन्नास भागांची असली तरी चालेल. पण ती हवालदारापर्यंत पोहोचावी, आणि त्या यादीप्रमाणे काम करणाऱ्यावर चौकशी लागणार नाही असं तिच्यावरच छापलेलं असावं.

६. त्या भागांच्या तपासलेल्या आकृत्यांचा एक सुरक्षित साठा लष्कराकडे असावा, आणि नवी गाडी किंवा यंत्र घेताना छोट्या भागांच्या आकृत्या वापरण्याचा हक्क करारातच मागून घ्यावा. वस्तू घेऊन झाल्यावर कुठलाही विक्रेता आकृती देत नाही, हे घरची मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही माहीत असतं.

७. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याखाली लष्कराच्या वर्कशॉपांमध्ये या कामाच्या जागा वेगळ्या दाखवाव्यात. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं आता पुरी होत आली आहेत. त्यातले जे तांत्रिक काम करून परततील, त्यांना आयटीआयमध्ये निदेशक म्हणून येण्याची वाट मोकळी करावी. माझे गुडघे आता शॉपच्या फरशीवर फार वर्षं उभे राहणार नाहीत. माझ्या जागी कुणीतरी असं हवं, ज्याने बर्फात गाडी उघडली आहे.

तासिका तत्त्वावरच्या माणसाने असं उघड पत्र लिहिलं की पुढच्या सत्रात त्याच्या तासिका निघत नाहीत, असं मला दोघा-तिघांनी काळजीपोटी सांगितलं. त्यांचा मान राखून लिहितो, की मला पेन्शन आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ती नाही, म्हणून त्यांच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे येतं.

मशीन न्यायला पुढच्या गुरुवारी टेम्पो येणार असल्याचं कळलं आहे. आपल्यापैकी कुणालाही त्याआधी यायचं असेल तर शॉप सकाळी आठला उघडतं. एक रीळ अजून शिल्लक आहे, अर्ध्याहून थोडं कमी. वायपरचं ते चाक आणि पहिला मोडलेला खटका, दोन्ही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. आणि ज्या पोरीने तो खटका बनवला ती सध्या गावातल्या पिठाच्या गिरणीच्या चाळणीची खिट्टी मोजते आहे. तिला बुधवारपर्यंत मशीन लागेल.

आपला नम्र,
ईएमईतून निवृत्त एक नायब सुभेदार,
सध्या तासिका निदेशक, फिटर ट्रेड,
सातारा जिल्हा